दोनच्या रेषेवरची गोळी

हणमंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी गॅलरीत चहा पीत बसलो होतो. फोन त्याच्या मुलाचा, विजयचा होता, मिरजेच्या इस्पितळातून. "अण्णा, आबा गेलं," एवढंच तो बोलला आणि मग नुसताच त्याचा श्वास ऐकू येत राहिला. मागे कुठेतरी स्ट्रेचरची चाकं वाजत होती. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता हणमंताला कुणी काही विचारू शकणार नाही आणि तोही कुणाला काही सांगू शकणार नाही. तरुणपणापासूनचा मित्र गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

गेलेल्या माणसाविषयी मी या पुरवणीत पूर्वीही कधीकधी लिहिलं आहे. आज हणमंताविषयी लिहायचं आहेच, पण त्याहून जास्त त्याच्या सुनेविषयी, सुनंदाविषयी लिहायचं आहे. माण तालुक्यातल्या त्यांच्या गावात गेले काही आठवडे लोक म्हणतात की सुनेनं सासऱ्याला ऑक्सिजन तोडून तोडून दिला, लाइटबिलाच्या भीतीनं मशिन बारीक ठेवलं आणि त्या दुपारी म्हाताऱ्याला टाकून बाहेर गेली. हे खरं नाही. ते खरं नाही हे ठामपणे सांगू शकणारा माणूस एकच आहे, कारण त्या दुपारी हणमंताजवळ मी होतो.

आम्ही दोघे गलाई कामगार. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या कोरड्या भागातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या सोनं गाळायला देशभर जातात, तसेच आम्हीही गेलो. हणमंताच्या घरी मेंढरं होती, आमच्याकडे तीही नव्हती. कोइमतूरच्या सराफ बाजारात एका बोळात आमचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे एक फळी आणि मागे एक अंधारी खोली. सराफ जुने दागिने आणून द्यायचे. ते मुशीत वितळवायचे, मग तेजाबात उकळून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध सोनं परत करायचं. मला तमिळ लवकर आलं म्हणून मी पुढे फळीवर बसलो. हणमंताचा हात भट्टीवर चांगला बसला म्हणून तो मागे बसला. तेजाब तापलं की विटकरी रंगाचा धूर निघायचा आणि तो त्या खोलीतच फिरत राहायचा, कारण खोलीला खिडकी नव्हती आणि पंखा लावायची सोय नव्हती. पंख्यानं सोन्याची कणी उडते. दिवसाअखेर झाडलेली धूळसुद्धा आम्ही डब्यात भरून ठेवायचो, तिथे वारा कोण आत घेणार? वारा फक्त भट्टीला मिळायचा. मूस तापत नसली की हणमंता आतून हाक मारायचा, "बाळू, वारं दे," आणि मी फळीवरून उठून भात्याचा दांडा फिरवायचो. पुढे विजेचा ब्लोअर आला. मग मी नुसतं बटण फिरवायचो. कोळसा पांढरा पडायचा, मूस उजळायची, हणमंता म्हणायचा, "आता कसं..." हे आम्ही वर्षानुवर्षं केलं. हात आपोआप जायचा.

खोकला त्याला तिथेच लागला. खोकला आम्हा सगळ्यांनाच होता, त्यामुळे त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. शिवाय त्याची बिडी होती. सकाळी उठून तो बोळाच्या तोंडाशी जाऊन खोकून यायचा आणि म्हणायचा, "आता दुकान उघडलं." जिना चढताना तो मधेच थांबून भिंतीवरच्या सिनेमाच्या जाहिराती वाचायला लागला, तेव्हाही आम्ही हसलोच, कारण त्याला तमिळ वाचता येत नव्हतं. आमच्याकडे खोकल्याची ओळख दोनच प्रकारची, एक साधा आणि दुसरा टीबीचा. त्याचा बेडका तपासला, टीबी निघाला नाही. आम्ही देवळात नारळ फोडला आणि मोकळे झालो. मीच त्याला म्हणालो होतो, "टीबी न्हाई न्हवं? मग हा तेजाबाचा खोकला, गावाकडची हवा लागली की जाईल." त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. मी धंदा सोडून सांगलीत आलो, तो गावी परतला, दुकान विजयनं चालवायला घेतलं. गावाकडची कोरडी, स्वच्छ हवा त्याला भरपूर लागली. पण खोकला गेला नाही. उलट बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सोडायची त्याला सवय लागली. गावच्या डॉक्टरांनी दमा म्हणून इंजेक्शनं दिली. त्यानं आठवडाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

शेवटी एका थंडीत त्याचे ओठ निळे पडले आणि सुनंदानं त्याला जीपमध्ये घालून मिरजेला आणलं. विजय दुकानावर होता, म्हणून इस्पितळात मी गेलो. थोडं सावरल्यावर छातीच्या डॉक्टरबाईंनी त्याला एका नळीत फुंकायला लावलं. यंत्राजवळची मुलगी ओरडत होती, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका..." हणमंताचा चेहरा जांभळा झाला. नळी काढल्यावर तो तिला म्हणाला, "पोरी, जल्मभर भट्टी फुकली, येवढं कुणी वरडलं न्हाई." ती हसायला लागली. डॉक्टरबाई कागदावरची रेघ पाहून हसल्या नाहीत. त्यांनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं, की याला सीओपीडी म्हणतात. वर्षानुवर्षं धूर आणि वाफ जाऊन फुप्फुसातल्या नळ्या सुजल्यात, अरुंद झाल्यात, आणि टोकाला जे बारीक फुगे असतात त्यांचा ताण गेलाय. हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. जुनीच हवा आत साठून राहते, मग नव्या हवेला जागा कुठली?

"म्हंजी भाडेकरू घर सोडंना झालाय," हणमंता म्हणाला.

"अगदी तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गेलेलं परत येणार नाही. राहिलंय ते मात्र सांभाळता येईल. बिडी आजपासून बंद."

ते सांभाळायचं काम सुनंदानं अंगावर घेतलं. बारावी झालेली, आटपाडीकडची मुलगी, बोलायला फटकळ. तिनं बिड्यांचं बंडल सासऱ्यासमोर चुलीत टाकलं. "तोंडाला काय काम ठिवलंस मग?" त्यानं विचारलं. "बोला की माझ्यासंगं," ती म्हणाली. तोंडानं ओढायचा औषधाचा पंप घ्यायला तो तयार नव्हता. पंप लागला म्हणजे माणूस संपला, अशी आमच्याकडे समजूत आहे, आणि पंप खिशात दिसला तर लोक काय म्हणतील याची लाजही असते. सुनंदा म्हणायची, "आवं आबा, चष्मा लावला म्हंजी माणूस आंधळा हुतो व्हय?" पंप ओढल्यावर ती त्याला चूळ भरायला लावायची. गरम चहावर फुंकर घालतात तसे ओठ करून श्वास सावकाश सोडायचा, हे डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं, ते ती त्याच्यासमोर बसून स्वतः करून दाखवायची. रोज अंगणात चालवायची. थंडीआधी लस टोचून आणायची. बेडक्याचा रंग बदलला की औषधाला धावायची. मी गेलो की तो माझ्याकडे तक्रार करायचा, "मास्तरीण हाय रं, लय छळती." पण ती दिसेनाशी झाली की त्याचे डोळे दाराकडे असायचे.

मग ऑक्सिजनचं मशिन आलं. खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडणारं, दिवसभर घुंघुं करणारं. त्याच्यावर काचेची उभी नळी असते, तिच्यात एक छोटी गोळी तरंगते, आणि बटण फिरवलं की ती वर-खाली होते. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की गोळी दोनच्या रेषेवर ठेवायची, वर नाही. बोटाला लावायच्या यंत्रावर नव्वदच्या आसपास आकडा आला की पुरे, शंभराचा हट्ट धरायचा नाही. अशा रुग्णाला ऑक्सिजन जास्त झाला तर शरीरातला दूषित वायू साठत जातो, गुंगी येते, माणूस शांत झोपल्यासारखा दिसतो आणि उठत नाही. हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्या खोलीत मीही होतो. मीही मान हलवली होती.

गावाला हे पटणं शक्य नव्हतं. तिथे पाणी टँकरनं आलं की प्रत्येक जण आपली घागर काठोकाठ भरून घेतो. ज्याला हवा कमी पडते त्याला हवा कमी द्यायची, हे कसलं औषध? हणमंताची थोरली बहीण हौसाक्का शेजारच्याच आळीत राहते. ती येऊन मशिनकडे बघायची आणि म्हणायची, "पाचपतूर आकडं हायती की गं. दोनावरच का? माझ्या भावाला वारं मोजून देती व्हय?" सुनंदा म्हणायची, "आत्या, डॉक्टरबाईंनी सांगितलंय." "डॉक्टर काय लाइटबिल भरत्यात?" हौसाक्का म्हणायची. आणि मी, जो दोघींच्या मधे बसून बोलू शकलो असतो, चहा प्यायचो.

ती दुपार. मी सांगलीहून एसटीनं आलो होतो. हणमंताला दोन दिवसांपासून कणकण होती, बेडका पिवळा पडला होता. सुनंदानं मिरजेला फोन लावला होता. त्यांनी सांगितलेलं औषध गावात नव्हतं, म्हणून ती स्कूटर काढून दहिवडीला निघाली. संध्याकाळपर्यंत उतार नाही पडला तर मिरजेलाच न्यायचं, असं जीपवाल्याला सांगून ठेवलं होतं. जाताना मला म्हणाली, "अण्णा, मशिनला हात लावू नका. लयच धाप लागली तर मला फोन करा." मी म्हणालो, "जा तू निवांत."

ती गेली आणि थोड्या वेळानं त्याची धाप वाढली. मान पुढे काढून, खांदे उचलून तो श्वास ओढत होता. प्रत्येक श्वासाला गळ्याजवळ खड्डा पडत होता. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी फोन हातात घेतला होता... घेतला होता आणि लावला नाही. हणमंतानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाळू, वारं दे."

इतक्या वर्षांनी ते शब्द ऐकले. माझा हात गेला. मी बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि काचेतली गोळी वर जाऊन पाचवर बसली. हळूहळू त्याचे ओठ गुलाबी झाले. चेहऱ्यावर रंग चढला. खांदे खाली आले. तो हसला आणि म्हणाला, "आता कसं..." मग दुकानातल्या गोष्टी बोलायला लागला, अडखळत, थोडं बरळल्यासारखं, पण खुशीत. बोलता बोलता डोळे मिटले. मी त्याच्याकडे बघत बसलो आणि मला अभिमान वाटला. मनात म्हणालो, या पोरीला कळत नाही, डॉक्टरांना कळत नाही, भट्टीजवळ आयुष्य काढलेल्या माणसाला कळतं. बऱ्याच दिवसांनी तो असा गाढ झोपला होता.

अंगणात स्कूटरचा आवाज आला तेव्हा मी उठलो आणि गोळी परत दोनवर आणली. का आणली, याचं उत्तर मी स्वतःला अनेक प्रकारे देऊन पाहिलं. उत्तर एकच आहे. सुनंदा रागावेल म्हणून. वडिलांच्या वयाचा माणूस सुनेच्या रागाला भ्यायला.

तिनं त्याला हाक मारली. पुन्हा मारली. खांदे हलवले, तोंडावर पाणी मारलं. तो डोळे अर्धे उघडून पुन्हा मिटायचा. तिनं मशिनकडे पाहिलं, गोळी दोनवर होती. जीपमध्ये त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मिरजेला डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी ऑक्सिजन किती चालू होता?" सुनंदा म्हणाली, "दोन. दोनच्या वर कधीच न्हाई." मी तिच्या शेजारी उभा होतो. त्याच क्षणी एक शब्द बोलायचा होता. मी बोललो नाही. त्याला घट्ट मास्कचं मशिन लावलं, रक्त तपासलं, दूषित वायू फार वाढला होता. छातीत संसर्गही होताच. विजय कोइमतूरहून आला. काही दिवस हणमंता तसाच राहिला आणि मग गेला. नंतर मी एकदा डॉक्टरबाईंना गाठून, आपलं सहज म्हणून, विचारलं की जास्त ऑक्सिजननं असं होऊ शकतं का. त्या म्हणाल्या, "संसर्गानंही झालं असतं. जास्त ऑक्सिजननं भर पडली असती. का विचारताय?" मी म्हणालो, "असंच." म्हणजे तो माझ्यामुळे गेला की नाही, हे मला कधीच कळणार नाही. संसर्गाच्या मागे मी लपू शकतो. काही दिवस लपलोही.

तेराव्याला पंगत बसली होती. हौसाक्का मोठ्यानं म्हणाली, "माझ्या भावाला ह्या बयेनं हवेबिगर मारलं." कुणी तिला गप्प केलं नाही. सुनंदा वाढत होती, ती तशीच वाढत राहिली. माझ्या पानाजवळ आली आणि म्हणाली, "अण्णा, भात घ्या." मी भात घेतला. आबांच्या मागे सुनंदाला आणि आपल्या लहान मुलीला कोइमतूरला न्यायचं, असं विजयनं ठरवलं होतं. तो एकटाच परत गेला. बायकोशी फोनवर मुलीपुरतं बोलतो. घराच्या किल्ल्या हौसाक्काच्या कमरेला आल्या. हे मला कळत होतं आणि मी सांगलीत होतो. आमच्या घरातला फ्रिज मधेच घुंघुं करायला लागतो. दुपारी जेवून आडवा झालो की तो सुरू होतो, आणि मला कुणीतरी आतल्या खोलीतून वारं मागतंय असं वाटतं. मी उठून बसतो. बायको विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, काही नाही. एकदा मी फ्रिजचं बटणच बंद केलं. दूध नासलं आणि आवाज तसाच राहिला.

गेल्या आठवड्यात मी गावी गेलो. सुनंदा सोप्यात मटकी निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिचा हात सुपात तसाच राहिला.

"मी आले तवा दोनवर हुतं," ती म्हणाली.

"मी परत केलं होतं. तुझ्या गाडीचा आवाज आला तेव्हा."

तिनं सुपातला हात काढून पदराला पुसला. "डॉक्टरबाईंनी मला तुमच्याम्होरं इचारलं."

"हो."

"तुमी माझ्या शेजारी उभं हुता."

"हो."

"मी रोज इचार करतीया, माझं काय चुकलं. सकाळीच गुंगी हुती का, मला दिसली न्हाई का, दहिवडीला जायाला नको हुतं का..." तिनं सूप खाली ठेवलं. "आनि तुमी त्याराव्याला माझ्या हातचा भात खाल्ला."

मी म्हणालो, मला माफ कर. ती म्हणाली, "माफीचं मागाहून बघू. आदी त्यांना फोन लावा." मी विजयला फोन लावला. तिनं तो मोठ्या आवाजावर ठेवायला लावला. मी बोलत होतो आणि पलीकडून भट्टीच्या ब्लोअरचा आवाज येत होता. माझं संपल्यावर मी विचारलं, "विजय, ऐकतोयस ना?" तो म्हणाला, "ऐकतोय." मग फोन कट झाला. नंतर त्यानं तिला फोन केला का, हे मी विचारलं नाही. तो अधिकार मला नाही.

"आता गाव," सुनंदा म्हणाली.

"गावाला कसं सांगू? दारोदार फिरू?"

"तुमी पेपरात लिवता न्हवं कवाकवा? माझं नाव घालून लिवा. स्टँडवर सगळी वाचत्यात. आत्यांना वाचता येत न्हाई, त्यांना मी स्वता वाचून दावीन."

तिनं मला हणमंताच्या खोलीत नेलं. मशिन केव्हाच परत गेलं आहे, पलंगावर गादी नाही. खिडकीशी एक हिरव्या रंगाचं टेबल आहे. शेवटची दोन-तीन वर्षं त्याला आडवं होता येत नव्हतं. या टेबलावर दोन्ही कोपरं टेकून, पुढे वाकून तो बसायचा, तसाच झोपायचा. असं बसलं की छाती मोकळी होते म्हणायचा. तो जिथे कोपरं टेकायचा तिथला रंग उडाला आहे आणि लाकडाचे दोन गोल उघडे पडले आहेत. सुनंदानं टेबल पुसलं, त्या दोन गोलांच्या मधे कागद ठेवला आणि खुर्ची ओढून दिली. मी लिहायला वाकलो तर माझी कोपरं बरोबर तिथेच गेली. माझी छाती मोकळी झाली नाही. सुनंदा दारात उभी होती. मी लिहायला सुरुवात केली.